व्हर्च्युअल मशीनसाठी मोटारसायकल

तक्रार मिटली की आम्हाला कॉम्प्युटरवर एकच शब्द टाकायचा असतो, "रिझॉल्व्ह्ड". बास! ती कशी मिटली, मिटेपर्यंत कोण भडकलं, कोणी जेवूनच जा म्हणून हात धरला, याला त्या चौकोनात जागाच नाही. मग हे सगळं जातं कुठं? चहाबरोबर गप्पांत. आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात असे किस्से इतके साठलेत की नवीन माणूस आला की कामाच्या आधी त्याला तेच सांगावे लागतात. नाहीतर आम्ही मधेच का हसतो ते त्या बिचाऱ्याला कळत नाही.

ऑफिस म्हणजे बाजारपेठेतल्या एका चिक्कीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली गूळ उकळतो आणि वर आम्ही! आम्ही म्हणजे मी, संकेत, दिलीपभाऊ आणि चहापाणी, झाडलोट बघणाऱ्या मंदामावशी. साहेब पुण्याला बसतात आणि रोज सकाळी स्क्रीनवर उगवतात.

आमचं काम सोपं करून सांगते. आसपासची हॉटेलं, रिसॉर्टं, एखादी डेअरी, यांचे बुकिंगचे आणि हिशेबाचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. पण प्रत्येकाचा वेगळा डबा नसतो. आमच्या ऑफिसच्या कपाटात एकच मोठा कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं तयार केलेले सात कॉम्प्युटर. त्यांना म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. त्यांना अंग नाही, बटण नाही, पण काम खऱ्यासारखंच. गिऱ्हाईक आपल्या जागेवरून इंटरनेटनं त्यात शिरतं आणि काम करतं. एका घरात सात बिऱ्हाडं आणि बाहेर पडायला दार एक! त्यामुळे निम्म्याहून जास्त फोन एकाच तक्रारीचे असतात, "अहो, मशीनचं नेट गेलं!"

आणि या तक्रारींचा राजा माणूस म्हणजे आमचे दिलीपभाऊ.

*

दिलीपभाऊ इंदुरीचे. तळेगावकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखाना बंद पडला. मग या माणसानं पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरापोरींबरोबर बाकावर बसून नेटवर्किंगचा कोर्स केला आणि आमच्याकडे आला. ट्रायलवर. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "सहा महिने बघू. मग मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर पक्के, नाहीतर आपापला रस्ता."

पहिल्याच आठवड्यात खंडाळ्याकडच्या एका हॉटेलाचा फोन आला. मशीनचं नेट गेलंय, बुकिंग दिसत नाहीत. मी नि संकेत दुसऱ्या फोनवर अडकलेलो. दिलीपभाऊ म्हणाले, "ताई, मी बघतो!" मला वाटलं, स्क्रीनवर बघतील. मान वर केली तर खुर्ची रिकामी.

तासाभरानं भिजून चिंब परत आले. बाहेर धुकं इतकं की समोरची दुकानं दिसत नव्हती, आणि हा माणूस टूलकिट पाठीला लावून मोटारसायकलवर खंडाळ्याला जाऊन आलेला. तिथल्या मॅनेजरनं त्यांना सगळं हॉटेल दाखवलं. रिसेप्शन, स्टोअर, गच्चीवरची टाकीसुद्धा. मशीन कुठंच नाही!

"ताई," दिलीपभाऊ दारातच उभे राहून म्हणाले, "मशीन आपल्याच हापिसात हाय म्हनं!"

त्यांच्या खुर्चीच्या मागच्याच कपाटात होतं. आम्ही हसलो, पण टॉवेलही दिला. मॅनेजर मात्र अजून फोन आला की आधी विचारतो, "सापडलं का हो आमचं मशीन?"

*

हे साहेबांच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, "व्हर्च्युअल मशीनसाठी मोटारसायकल? अहो दिलीप, जगातले लोक हे काम खुर्चीवर बसून करतात!"

दिलीपभाऊंचं म्हणणं साधं होतं. "साहेब, मशीन दिसत न्हाई हे मान्य. पन मानूस तर दिसतो ना! तो काय करतोय ते बघितल्याबिगर मला कसं कळनार?"

साहेबांना हे पटलं नव्हतं, ते आम्हाला कळत होतं. मला काळजी वाटायला लागली. कारण माणूस लाखात एक! गिऱ्हाईकाचा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "एरर काय आलाय?" दिलीपभाऊ आधी सांगतात, "घाबरू नका, तुमचं काय गेलेलं न्हाई." समोरच्याचा आवाज तिथंच खाली येतो.

*

खालचे चिक्कीवाले आबा. त्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम भाच्यानं कधीकाळी करून दिलेला, तो जुन्याच विंडोजवर चालतो. भाचा गेला परदेशी. मग संकेतनं आबांच्या नव्या लॅपटॉपच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर करून दिला. आबा त्याला "आतला" म्हणतात आणि लॅपटॉपला "वरचा".

एक दिवस आबा धापा टाकत जिना चढून वर आले. "नेट हाय, पन आतल्याला न्हाई! वरच्यावर नातवाचे फोटो दिसत्यात, आतला मात्र ढिम्म!"

दिलीपभाऊ लगेच खाली. पाहतात तर आबांनी वारा लागावा म्हणून लॅपटॉप टेबलावरून उचलून गल्ल्यापाशी आणलेला. येताना नेटची वायर निघाली. लॅपटॉप आपला हुशार, त्यानं वायफाय पकडलं. आतल्याला मात्र संकेतनं फक्त वायरीवर जोडलेलं. त्याला वायफाय ठाऊकच नाही.

दिलीपभाऊंनी समजावलं, "आबा, वरचा जेवतो वायफायवर, आतला जेवतो वायरीवर. वायर काढली की आतला उपाशी."

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. "मंजी सकाळपासनं मी त्याला उपाशी ठिवला?"

तेव्हापासून आबा लॅपटॉप हलवत नाहीत. दुपारी डबा उघडायच्या आधी वाकून वायर बघतात आणि वर बघून ओरडतात, "दिलीप, आतल्याचं झालं बरं का! आता मी बसतो!"

*

आता संकेतचा पराक्रम. तिकोणा पेठेच्या बाजूला, पवना धरणाच्या काठाला दोन चुलतभावांची दोन रिसॉर्टं आहेत. मधे एक कुंपण. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद. थोरल्यांचं मशीन आमच्याकडे होतंच. धाकट्यांनी आमच्याकडेच मागितलं, तर संकेतनं थोरल्यांच्या मशीनची कॉपी मारली, नाव बदललं आणि दिलं. पाच मिनिटांत काम!

फक्त नेटवर्कवरचा ओळख नंबर बदलायचा राहिला. म्हणजे एकाच पत्त्यावर दोघं राहायला. थोरल्यांचं नेट आलं की धाकट्यांचं जायचं, धाकट्यांचं आलं की थोरल्यांचं.

झालं! थोरल्यांना खात्रीच, की हे काम कुंपणापलीकडचं आहे. धाकट्यांनाही तीच खात्री. दोघांनी आम्हाला वेगवेगळे फोन करून सांगितलं, "त्यानंच वायर तोडली आसनार! तुमी येऊन पंचनामा करा!"

संकेतला चूक कळली तेव्हा तो लगेच नंबर बदलायला बसला. नंबर बदलणं खुर्चीवरून दोन मिनिटांचं काम होतं. पण दिलीपभाऊ म्हणाले, "नंबर मग बदल. आदी मी जाऊन सांगून येतो, की चूक आपली हाय. न्हाईतर ही दोघं एकमेकांची डोकी फोडत्याल." आणि निघाले मोटारसायकलवर.

तिथं जाऊन त्यांनी दोघांना कुंपणापाशी बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "तुमी दोघंबी निर्दोष. गाढवपना आमच्या हापिसचा." मग काय! दोघं मिळून आमच्या ऑफिसवर जे तुटून पडले! एक शिवी थोरल्यांची, त्याला दुजोरा धाकट्यांचा. बोलता बोलता थोरल्यांनी आत हाक मारली, चहा सांगितला. धाकटे कुंपण ओलांडून ओट्यावर येऊन बसले.

तेवढ्यात संकेतचा फोन. "भाऊ, नंबर बदलू का आता? दोन्ही चालू होतील."

दिलीपभाऊंनी फोनवर हात ठेवून थोरल्यांना विचारलं. थोरले हळूच म्हणाले, "जरा थांबा की. त्याचं नेट आलं तर तो जाईल. निदान जेवून तरी जाऊ द्या."

संकेतनं नंबर बदलला तो जेवणं झाल्यावर.

*

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मंदामावशींनी आदल्या दिवशी विचारलं, "मशिनं किती हायती? तेवढं हार आनते." संकेत स्क्रीनमधून मान वर न काढता म्हणाला, "सात."

मावशींनी घरच्या झेंडूचे सात हार केले. वाडीवरून डोक्यावर पाटी घेऊन आल्या. कपाट उघडलं तर आत एकच डबा!

"बाकीची कुटं गेली?"

"मावशी, ती यातच आहेत," मी म्हणाले.

मावशी पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना एवढं वाईट वाटलं की मलाच कसंतरी झालं. दिलीपभाऊ पुढं झाले. "यातच हायती तर यालाच घाला. एकाला घातला नि बाकीच्यांचा मान ऱ्हायला, असं नको." मग त्या एका डब्याला सात हार आणि सात कुंकवाची बोटं, अगदी ओळीनं. डब्याचं कुठलं अंग कुठलं हे कळेना!

दसरा झाल्यावर मावशी सुकलेले हार काढायला गेल्या. एका हाराचा दोरा नेटच्या वायरीत अडकलेला. हाराबरोबर वायर बाहेर! सातही मशिनांचं नेट एकदम गेलं. सगळे फोन वाजायला लागले. मावशी रडकुंडीला. "मी देवाचं करायला गेले नि तुमच्या पोटावर पाय आला!"

"मावशी, घाबरू नका, काय गेलेलं न्हाई," म्हणत दिलीपभाऊंनी वायर परत खोचली. नेट आलं.

पण तेवढ्यात साहेब स्क्रीनवर हजर! "काय झालं होतं?"

"केबल ढिली होती साहेब," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"कपाट दाखवा मला." संकेतनं कॅमेरा कपाटाकडे वळवला. साहेब जवळ येऊन डोळे बारीक करून बघायला लागले. मग ओरडले, "अहो, अजून सात लाल दिवे लागलेले दिसतायत! सगळी मशिनं बंद आहेत! तुम्ही बसलाय काय?"

"साहेब," दिलीपभाऊ म्हणाले, "कुकू हाय त्ये."

*

इंदुरीच्या डेअरीचा किस्सा मला हसूही आणतो आणि दुसरंही काहीतरी.

तिथलं मशीन आमच्या कपाटात नव्हतं, आबांसारखंच तिथल्याच पीसीच्या पोटात बसवलेलं. दुपारी त्यात बाहेरून दुधाचे दर भरले जायचे. पण रोज दुपारीच त्याचं नेट गायब! आम्ही ऑफिसातून सगळं तपासलं. सेटिंग बरोबर, लाइन बरोबर. शेवटी दिलीपभाऊ म्हणाले, "माझं गाव हाय, जाऊन बसतो." या वेळी मीही गेले.

सकाळचं दूध संपलं. सेक्रेटरींनी हात धुतले, पीसी स्लीपवर टाकला आणि घोंगडी पसरली.

"सेक्रेटरी," दिलीपभाऊ म्हणाले, "कॉम्प्युटर का झोपवला?"

"लाईट वाचतीया की!"

"मग आतलं मशीन?"

"त्ये ऱ्हाईल की चालू. त्येला कुटं लाईट लागती?" सेक्रेटरी अगदी समजुतीनं म्हणाले. "दिसत न्हाई ते, मंग लाईट कशाला खाईल?"

व्हर्च्युअल म्हणजे काय ते आम्ही कोर्सात शिकलो, पण एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. दिलीपभाऊंनी हसत हसत पीसीचं झोपणंच बंद करून टाकलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, "हे जागं राहील, तुम्ही झोपा."

निघताना सेक्रेटरींनी विचारलं, "दिल्या, पक्का झाला का न्हाई रं?"

"कवाच!" दिलीपभाऊ म्हणाले.

मी मोटारसायकलवर मागे बसले. पुलावर आल्यावर त्यांनीच मोटारसायकल थांबवली. म्हणाले, "ताई, कंपनी बंद झाल्यावर मी घरी बसलेलो. सकाळी भाईर पडलं की पारावरची मानसं इचारायची, आज सुट्टी का? रोज तेच. वाईट मनात न्हवतं कुनाच्या. पन मी मागच्या दारानं शेतातनं जायला लागलो. आता हितं लागल्यावर आमच्या म्हाताऱ्यानं समद्या गावाला सांगितलं, पोरगं पर्मनंट झालं. मी त्यांना खरं सांगितलंच न्हाई. परत मागच्या दारानं जायची माजी ताकद न्हाई बगा."

खाली इंद्रायणी वाहत होती आणि मला रडू येत होतं. ट्रायलची मुदत संपत आली होती. परीक्षा पुढच्याच सोमवारी होती.

*

सोमवारी सकाळी दिलीपभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. मंदामावशींनी येताना देवीचा अंगारा आणलेला. तो त्यांच्या कपाळाला लावला आणि उरलेला कीबोर्डला.

साहेब स्क्रीनवर आले. आवाज कडक. "दिलीप, परीक्षा एकच. माझ्या लॅपटॉपच्या आत मी एक व्हर्च्युअल मशीन तयार केलंय. मी त्याचं नेटवर्क तोडणार. काय तुटलं ते तुम्ही शोधायचं आणि जोडून द्यायचं. फोन करा, काहीही विचारा. अट एकच, खुर्चीवरून उठायचं नाही!"

दिलीपभाऊंनी मान हलवली. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसले. संकेतनं माझ्याकडे बघितलं. मी देवाचं नाव घेतलं.

"हं, तयार? आता मी नेटवर्क बंद कर..."

आणि साहेब थिजले!

तोंड उघडं, एक भुवई वर, बोट हवेत. हलेनात की बोलेनात. थोड्या वेळानं स्क्रीनवर तेही राहिले नाहीत. काळा चौकोन.

मला आधी काहीच कळलं नाही. संकेतला कळलं. लॅपटॉपची खिडकी आणि आतल्या मशीनची खिडकी, दोन्ही सारख्याच दिसतात. साहेबांनी आतल्याचं तोडायच्या ऐवजी स्वतःचंच नेट तोडलं होतं! संकेतनं तोंडावर हात दाबला आणि काही बोलणार, तेवढ्यात दिलीपभाऊंनी हात वर केला.

"कुनी बोलू नका! परीक्षा चालू झाली!"

त्यांनी शांतपणे फोन उचलला, साहेबांचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, लोनावळा हापिसातनं दिलीप बोलतोय."

"अहो दिलीप!" साहेबांचा आवाज चिरका झालेला. "अहो, हे सगळंच बंद झालं! माझी मेल पण गेली! थांबा, मला जरा..."

"घाबरू नका साहेब. तुमचं काय गेलेलं न्हाई."

"आता मला सांगा, तुमी आत्ता कुटल्या मशीनमधी हाय? आतल्या का भाईरच्या?"

"आतल्याच! अर्थात आतल्याच!"

"बरं. खिडकीच्या वरच्या अंगाला नाव आसंल. तेवढं वाचून दाखवा. गडबड न्हाई."

साहेब नाव वाचायला लागले. अर्ध्यात थांबले.

"...बाहेरच्या," साहेब म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"व्हतंय आसं. समद्यांचं व्हतंय," दिलीपभाऊ त्यांना आबांशी बोलतात तसंच म्हणाले. "दोन्ही सारकीच दिसत्यात, मानसानं करावं तरी काय? आता नेटवर्कच्या यादीत जा. एक नाव फिकं दिसंल. त्येच्यावर बोट न्या, उजवं बटन दाबा, 'इनेबल' म्हना. मी हितंच हाय, फोन ठिवत न्हाई."

साहेब स्क्रीनवर परत उगवले. चष्मा कपाळावर, कान लाल. समोर दिलीपभाऊ, खुर्चीचे दांडे तसेच धरून.

"साहेब, उठलो न्हाई बरं का."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग संकेतकडे, जो टेबलाखाली पडलेलं पेन बराच वेळ शोधत होता. साहेबांनी चष्मा खाली घेतला, घसा साफ केला.

"बरोबर," ते म्हणाले. "हाच प्रश्न होता."

पक्कं झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. दिलीपभाऊ पेढे घेऊन आले. पहिला मंदामावशींना, दुसरा खाली आबांना, मग आम्हाला. गावात पारावर थांबून, सगळ्यांना देऊन आले होते. मी विचारलं, "भाऊ, अवघड गेली का हो परीक्षा?"

"छ्या! सोपी व्हती," दिलीपभाऊ म्हणाले. "पन ताई, साहेबांना मानलं पायजे! घाबरल्याची ॲक्टिंग काय भारी केली!"